नंदुरबारचे मजूर दिवाळीनंतर गुजरातला का जातात? समजून घ्या उचलीचे गणित

दिवाळी सरली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवर ट्रक येऊ लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरे घेऊन भिल्ल, पावरा कुटुंबे बारडोली परिसरातील ऊसपट्ट्यात निघतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचे घर म्हणजे शेताकडेचे पाल.

दुष्काळामुळे जातात का?

नेहमीचे उत्तर तेच, पण ते अपुरे आहे. सातपुड्यात पाऊस पडतो. उतारावरून तो वाहूनही जातो. सिंचन नसल्याने ज्वारी, मक्याचे एकच खरीप पीक हाती लागते. मग गावात काम नसते. तरीही जाण्याचा निर्णय दिवाळीनंतर होत नाही, तो भर पावसाळ्यातच होऊन गेलेला असतो.

उचल म्हणजे काय?

श्रावण-भाद्रपदात जुने धान्य संपत आलेले, नवे पीक शेतात उभे. दवाखाना, लग्न, बियाणे, काहीही निघते. त्याच वेळी मुकादम रोख रक्कम देतो. हीच उचल. ती घेतली की हंगाम बांधला गेला.

नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मजुरी टनावर मिळते, दिवसावर नाही. हंगामात पोटापुरती खावटी मिळते. ती आणि उचल वजा करून हिशेब होतो तो शेवटी. गुजरात सरकारने काही वर्षांपूर्वी किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. दर दुप्पट झाला, पण आधी पैसे आणि नंतर काम ही रीत तशीच राहिली.

रोजगार हमीचे काय?

महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्येच केला. पण तिथे आधी काम, मग मोजमाप, मग बँकेत पैसे. मूल तापाने फणफणत असताना कुटुंब कोणाकडे जाईल, हे सांगायला नको.

आयर्लंडमध्ये काय घडले होते?

१८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख लोक मेले आणि त्याहून अधिक देश सोडून गेले, बरेचसे अमेरिकेत. तिथेही कारण केवळ भूक नव्हते. जहाजाचे भाडे कोण भरणार, हा प्रश्न होता. आधी गेलेला भाऊ किंवा बहीण पैसे किंवा तिकीट पाठवी आणि मागचे निघत. ते बहुतेक कायमचे गेले.

नंदुरबारचा मजूर कायमचा जात नाही. त्याच्या प्रवासाचे पैसेही नातेवाईक नव्हे, मुकादम देतो. अंतर तर किरकोळ: नवापूर रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये आहे. मुलांच्या शाळेला मात्र हे अंतर मोठे पडते. आईवडिलांसोबत गेलेल्या मुलाचे अर्धे वर्ष उसाच्या फडात जाते. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण तिचा उपयोग ट्रक येण्याआधी ती सुरू झाली तरच.

होळीला गावी पोहोचण्याची धडपड प्रत्येक कुटुंबाची असते. हंगामअखेर हिशेबात उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षीच्या नावावर चढते.