थोडा वेळ आणि मोठी परीक्षा

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वचन खरे आहे. परंतु ज्याचा सारा दिवस कामात जातो, त्याला विहीर खणण्यास रात्रच तेवढी उरते. आपल्या बमरोलीत आणि शेजारच्या पांडेसरा-उधना भागात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे यंत्रमागांच्या आधाराने स्थिरावली आहेत. बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर जेथे घराचा दिनक्रम ठरतो, तेथील एखादी मुलगी वा मुलगा सनदी लेखापाल होण्याचे मनात धरतो, तेव्हा बुद्धीपेक्षा वेळेचीच चणचण अधिक भासते. अशा वेळी उजळणी कशी करावी, याचा येथे विचार करू.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. सनदी लेखापालांची भारतीय संस्था १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली. तिच्या परीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत : फाउंडेशन, इंटरमीडिएट आणि फायनल. दहावीनंतर पहिल्या पायरीसाठी नाव नोंदविता येते. परीक्षा मात्र बारावीनंतर द्यावयाची असते. दुसऱ्या पायरीनंतर दोन वर्षे लेखापालाच्या कचेरीत उमेदवारी करावी लागते. म्हणजे शेवटच्या परीक्षेचा बराचसा अभ्यास दिवसाचे काम सांभाळूनच करावयाचा.

उत्तीर्ण होण्याचा नियम नीट समजून घेतला पाहिजे. प्रत्येक विषयात किमान ४० गुण हवेत आणि एकूण गुण निम्मे हवेत. इंटरमीडिएट व फायनल या परीक्षांत तीन-तीन विषयांचे दोन गट असतात. समजा, एका गटात कोणास ६२, ५५ आणि ३६ गुण मिळाले. बेरीज १५३ भरते, म्हणजे ३०० पैकी निम्म्याहून अधिक. तरीही तो उमेदवार अनुत्तीर्णच ठरतो, कारण एक विषय ४० च्या खाली राहिला. ६० च्या वर गेलेल्या विषयात त्याला पुढील तीन परीक्षांपुरती सूट मिळते, एवढाच दिलासा. यावरून उघड होते की, वेळ थोडा असताना आवडीचा विषय पुन्हापुन्हा घोळवीत बसणे तोट्याचे आहे. प्रथम हात घालावा तो सर्वांत कच्च्या विषयाला. मागावर सूत तुटले तर कारागीर सारे कापड उसवीत नाही. तुटलेला धागा शोधून तेवढाच जोडतो. उजळणीही अशीच असावी.

परंतु तुटलेला धागा सापडावा कसा? पुस्तक पुन्हा वाचून तो सापडत नाही. वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. हिशेबनीसांना हा धोका चांगला ठाऊक असतो. खतावणीतील शिल्लका घेऊन तेरीज मांडली, म्हणजे ज्याला इंग्रजीत ट्रायल बॅलन्स म्हणतात तो काढला, आणि नावे व जमा या दोन्ही बाजू जुळल्या, तरी हिशेब निर्दोष ठरत नाही. एखादा व्यवहार लिहिण्याचाच राहून गेला असेल तर तेरीज बिनबोभाट जुळते. तद्वत, जे आपण मुळीच विसरलो आहोत त्याची जाणीव पुस्तक उघडे असेपर्यंत होत नाही.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचावयास लावला. इतरांना तो न पाहता आठवून लिहावयास सांगितले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले : आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात सुमारे ५६ टक्के मजकूर राहिला होता, तर पुन्हा वाचणाऱ्यांच्या ध्यानात ४२ टक्के. म्हणून प्रकरण संपताच पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर मुख्य मुद्दे लिहावेत आणि मग पुस्तकाशी ताडून पाहावेत. जे लिहिता आले नाही, तोच तुटलेला धागा.

आता वेळेची वाटणी. तीन विषयांसाठी २४ दिवस हाती आहेत असे धरू. पहिल्या फेरीत प्रत्येक विषयास पाच दिवस द्यावेत, दुसरीत दोन आणि तिसरीत एक. पहिल्या फेरीत उणिवा शोधून टिपून ठेवाव्यात, दुसरीत त्या भरून काढाव्यात आणि तिसरीत केवळ आपली टिपणे पाहावीत. शिवाय, १०० गुणांच्या बहुतेक प्रश्नपत्रिकांना तीन तास, म्हणजे १८० मिनिटे मिळतात. या हिशेबाने आठ गुणांच्या प्रश्नाला सुमारे १४ मिनिटेच येतात. म्हणून एखादी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण सोडवावी. संस्था सरावाच्या प्रश्नपत्रिका विनामूल्य उपलब्ध करून देते. त्या सोडून महागड्या पुस्तकांच्या मागे धावण्याचे कारण नाही.

कायद्याच्या विषयांत आणखी एक दक्षता हवी. कायदे बदलतात. १९६१ च्या आयकर अधिनियमाची जागा घेणारा २०२५ चा अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून अमलात येण्याचे त्यातच नमूद आहे. थोरल्या भावाची जुनी पुस्तके जमाखर्चाची मूलतत्त्वे शिकण्यास उपयोगी पडतील. कराच्या विषयात मात्र आपल्या परीक्षेला कोणता कायदा लागू आहे, हे संस्थेच्या सूचनेवरूनच ठरवावे.

इतके करूनही एक मर्यादा ध्यानी ठेवावी. उजळणी म्हणजे झालेल्या अभ्यासाला दिलेला उजाळा. जे प्रकरण कधी वाचलेच नाही, ते २४ दिवसांत पक्के होईलच असे नाही. इंटरमीडिएट व फायनलला दोन्ही गट एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. वेळ अगदीच अपुरा असेल, तर एका गटावर सारे बळ एकवटणे हा पळपुटेपणा नसून व्यवहारी शहाणपण आहे.

पालकांनी हे विशेषेकरून ध्यानात घ्यावे. एक परीक्षा हुकली म्हणून मुलाला माग दाखविण्याची घाई करू नये. दहा माणसांच्या खोलीत रोज एक तास शांत ठेवणे, रात्रपाळीहून आलेल्या माणसाची झोप आणि मुलीचा अभ्यास यांची सांगड घालणे, एवढे घराने केले तरी पुष्कळ झाले. आणि शाळकरी मित्रहो, यासाठी बारावीची वाट पाहू नका. आज रात्री इतिहासाचा एखादा धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि त्यातील पाच मुद्दे आठवून लिहा. किती आठवले यापेक्षा कोणते आठवले नाहीत, हे नीट पाहा. उद्याचा अभ्यास तेथूनच सुरू करावयाचा आहे.