गाणे बसके नाही, कान थकलेला आहे

भजन रेकॉर्ड करायला आता धनजहून अमरावती किंवा नागपूर गाठावे लागत नाही. कारंजा तालुक्यातल्या या गावासारख्या कितीतरी गावांत लॅपटॉप, बऱ्यापैकी माइक, ऑडिओ इंटरफेसची डबी आणि हेडफोन एवढ्यावर घरातल्या खोलीचा स्टुडिओ होऊ शकतो. काम बहुधा रात्रीच करावे लागते, कारण दिवसा रस्त्यावर ट्रॅक्टर आणि डोक्यावर पंखा. मंडळी गाऊन घरी जातात आणि एकटा माणूस हेडफोन चढवून मिक्सिंगला बसतो. पहिल्या तासात गाणे बरे वाटते. दुसऱ्या तासात ते जरा बसके वाटू लागते, म्हणून तो इक्वलायझरच्या वरच्या पट्ट्या थोड्या चढवतो. तिसऱ्या तासात पुन्हा चढवतो. सकाळी तेच गाणे मोबाइलवर लावले की टाळ आणि खंजिरीच्या चकत्या सुईसारख्या टोचतात.

रात्रीतून गाणे बदललेले नसते. मोठ्या आवाजात बराच वेळ ऐकले की अंतर्कर्णातल्या केशपेशी शिणतात आणि त्यांची संवेदनक्षमता काही काळ उतरते. ही उतरण सर्वांत जास्त ३००० ते ६००० हर्ट्झच्या आसपास असते. शब्दांची धार, टाळांची चमक नेमकी याच भागात असते. थकलेल्या कानाला ती कमी ऐकू येते, तो आणखी मागतो, हात वाढवतो आणि कान आणखी थकतो. विश्रांतीनंतर ऐकणे बहुतेक वेळा पूर्ववत होते. रोज हेच घडत राहिले, तर काही केशपेशी कायमच्या मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

इक्वलायझरचा जन्म सजावटीसाठी झालेला नाही. लांबच्या तारेतून जाताना टेलिफोनवरच्या आवाजातला तीव्र भाग जास्त क्षीण होई. तो भरून काढून आवाज मूळच्या ‘बरोबरीला’ आणायचा, म्हणून हे नाव. आजही त्याचे खरे काम तेच आहे, झालेला बिघाड सावरणे. पण बिघाड गाण्यात आहे, खोलीत आहे की कानात, हे आधी ठरवावे लागते.

आपला कान मुळातच सपाट ऐकत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले की आवाज लहान असताना खर्ज आपल्याला फार कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तो भरून येतो. म्हणून रात्री शेजारी जागे होऊ नयेत अशा बेताने केलेल्या मिक्समध्ये डग्गा हमखास जास्त चढवला जातो आणि मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर तो छातीवर आदळतो. उलट मोठ्या आवाजात केलेले मिक्स हळू लावले की पोकळ वाटते. ऐकण्याची एकच मध्यम पातळी ठरवून घ्यावी, शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल इतपत.

स्पीकरवर ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे ती खोलीची. आपल्याकडची ठरलेली खोली दहा बाय दहाची, वर स्लॅब, उंचीही जवळपास दहा फूट. दोन भिंतींमधले अंतर सुमारे ३ मीटर, म्हणजे ५७ हर्ट्झच्या आसपासच्या ध्वनीची अर्धी लहर त्यात बरोबर बसते आणि तो ध्वनी घुमत राहतो. लांबी, रुंदी, उंची सारखीच असली की तिन्ही दिशांचा घुमार एकाच ठिकाणी साचतो. गंमत अशी की खोलीच्या मध्यावर तोच ध्वनी जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीला टेकून बसले की फुगतो. मध्यावर बसलेला माणूस खर्ज वाढवतो, भिंतीशी बसलेला कापतो. गाणे दोघांचे एकच! इथे इक्वलायझर बिचारा काय करणार? खुर्ची दोन-तीन फूट सरकवून पाहावी. वऱ्हाडात कापसाला तोटा नाही. भिंतीला उभ्या केलेल्या गाद्या वरच्या स्वरांचा खणखणाट चांगला शोषतात. खर्जापुढे मात्र गादी दुबळी, कारण ५७ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब असते.

आता प्रत्यक्ष भजनाकडे वळू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची परंपरा असलेल्या या भागात शब्द कळला नाही तर भजन गेलेच समजा. हार्मोनियम गायकाच्या मागोमाग त्याच पट्टीत चालते, त्यामुळे दोघांची गर्दी होते. अशा वेळी बहुतेक जण गायकाला चढवतात, मग पेटी बुडाली म्हणून पेटीला चढवतात. माझ्या मते पेटीचा २००० ते ३००० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबलने उतरवणे हाच शहाणपणा. शब्द आपोआप वर येतात. गायकाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खाली असते ती पंख्याची घरघर आणि माइकच्या स्टँडला लागलेले धक्के. ते निःसंकोच कापावे.

तबल्याला मात्र जपून हात लावावा. साध्या चामड्याच्या वाद्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्यावरची शाई ते पूर्णांकी प्रमाणात आणते, म्हणून तबला सुरात लागतो. हे सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले होते. अरुंद आणि खोल काप दिला की त्या जुळलेल्या कुटुंबातला एखादा सदस्यच नाहीसा होतो.

डग्ग्याचा खोल घुमार मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून येतच नाही, कितीही वाढवा. पण कान हुशार आहे. जुन्या टेलिफोनमधून ३०० हर्ट्झच्या खालचे काही जात नसे, तरी भारदस्त पुरुषी आवाज भारदस्तच वाटे. वरच्या उपस्वरांवरून मेंदू खालचा स्वर जुळवून घेतो. म्हणून तळ फुगवण्याऐवजी डग्ग्याच्या ट्रॅकवर २०० ते ४०० हर्ट्झचा भाग किंचित वर आणून पाहावा.

एक फसवणूक सगळ्यांचीच होते. कोणतीही पट्टी वाढवली की एकूण आवाजही थोडा मोठा होतो आणि मोठे ते कानाला चांगले वाटते. बदलाआधीचे आणि नंतरचे गाणे सारख्या पातळीवर आणूनच तुलना करावी. निम्म्या वेळा बदल मागे घ्यावासा वाटेल.

कानाचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिला आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. म्हणजे रात्री तीन-तीन तास हेडफोन खणखणवणाऱ्याचा आठवड्याचा वाटा दुसऱ्याच रात्री संपतो. तासाभराने दहा मिनिटे उठून बाहेर, शांततेत जावे. काम झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा समोरच्याचे बोलणे कापसातून आल्यासारखे वाटत असेल, तर त्या रात्री इक्वलायझरला हात लावू नये. असे वारंवार होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ऑडिओमेट्री करून घ्यावी. आवाजामुळे झालेले नुकसान त्या आलेखात बहुधा ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यासारखे दिसते, आणि रोजच्या बोलण्यात अडचण जाणवण्याच्या बरेच आधी दिसते.