'वू' म्हणजे शून्यता नव्हे

दुकानात बुद्धमूर्ती आणि फेंगशुईच्या वस्तू एकाच शेल्फवर दिसतात. मुलं विचारतात, "हे सगळं एकच ना?" तर नाही.

फरक एका शब्दापाशी कळतो. तिसऱ्या शतकातला चिनी विचारवंत वांग बी सांगतो, सगळं 'वू'मधून, म्हणजे 'नसण्या'तून उपजतं. 'वू' हे जगाचं मूळ. बौद्ध आचार्य नागार्जुनांची शून्यता मात्र कशाचंच मूळ नाही. चहातून पाणी, पत्ती, दूध, साखर काढून पाहा. 'चहा' असा वेगळा उरतो का? प्रत्येक गोष्ट इतर कारणांच्या आधारानेच असते, स्वतंत्र नसते. हीच शून्यता.

सुरुवातीला चिनी भाषांतरांत शून्यतेसाठी ओळखीचा 'वू' वापरला गेला आणि अर्थ घसरला. इसवी सन 401 मध्ये छांगआनला पोचलेल्या कुमारजीवांनी नागार्जुनांचे ग्रंथ चिनीत आणले, तेव्हा गोष्ट स्पष्ट झाली. शून्यतेसाठी 'खुंग' हा शब्द पक्का रुळला.

आपणही घरी घाईत शून्यतेला 'नथिंग' आणि धर्माला 'रिलिजन' म्हणून मोकळे होतो. मुलांच्या हाती मग तेवढंच उरतं. पुढच्या वेळी दोन मिनिटं जास्त द्या, आणि चहाचा कप जवळ ठेवा.