सीट की स्पेशल? कर्जत-खालापुरातली भाड्याची गाडी

दोनच शब्द, पण महत्त्वाचे

नेरळ, कर्जत किंवा खोपोली स्टेशनाबाहेर गाडी बघायला गेलात की आधी ठरवायचं ते सीट की स्पेशल. सीटने गेलात तर माणशी भाडं, पण गाडी भरेपर्यंत थांबायचं. स्पेशल म्हणजे अख्खी गाडी तुमची. एकटे बसलात तरी सगळ्या सीटांचे पैसे. नवखा माणूस ‘चला’ म्हणून बसतो आणि उतरताना वाद घालतो. चूक बहुधा दोघांचीही नसते, ठरलेलंच नसतं. ‘भाडं’ हा शब्दही इथे दुहेरी आहे: ड्रायव्हर ‘भाडं घेऊन गेलाय’ म्हणजे तो प्रवासी घेऊन गेलाय.

माथेरानची टॅक्सी

ही माथेरानात जात नाही. नेरळहून घाट चढून ती दस्तुरी नाक्यावर थांबते, कारण पुढे मोटारींना बंदी आहे. तिथून पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्टेशनावरून छोट्या रेल्वेगाडीने जायचं. 2022च्या डिसेंबरपासून ई-रिक्षाही प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. म्हणून टॅक्सीचं भाडं ठरवताना पुढचा खर्च वेगळा धरा.

लेणी, किल्ले, फार्महाऊस

कोंढाण्याच्या लेण्यांसाठी कोंदिवड्याला किंवा पेठच्या किल्ल्यासाठी आंबिवलीला जायचं तर खरा प्रश्न परतीचा असतो. तिकडून ड्रायव्हरला भाडं मिळेल याची खात्री नाही, म्हणून तो रिकाम्या परतीचे पैसे धरतो. यात लूट नाही, हिशोब आहे. ‘ड्रॉप’ म्हणजे नुसतं सोडणं. गाडी थांबवून ठेवायची तर ‘वेटिंग’ आधी बोला, आणि मुक्काम असेल तर ड्रायव्हरचं ‘नाईट’ही. टोल, पार्किंग कोणाच्या खिशातून, हेही तेव्हाच विचारा.

खोपोलीकडून पनवेलला

खालापूर तालुक्यातून द्रुतगती मार्ग जातो, पण रिक्षाला त्यावर मनाई आहे. तिला जुन्या महामार्गानेच, चौकवरून जावं लागतं. घाई असेल तर चारचाकी घ्या.

कायदा काय म्हणतो

1988च्या मोटार वाहन कायद्यानुसार ड्रायव्हर सोडून सहापर्यंत प्रवाशांची गाडी ‘मोटर कॅब’, सातपासून बारापर्यंत ‘मॅक्सी कॅब’. परमिटच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. विजेवरच्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी.

शनिवार-रविवारी गर्दीत पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्याही ‘सोडतो’ म्हणून पुढे येतात. त्यांना भाडं घेण्याचं परमिट नसतं आणि विमा खाजगी वापराचा असतो. अपघात झाला तर भरपाईचा दावा अडकू शकतो. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी त्यात बसू नका.