लागलंच नव्हतं, मग व्रण कसला?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, लोकलमध्ये जागा मिळाली ना? आजचा विषय: डेस्मोप्लास्टिक मेलानोमा.

मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. म्हणून आपण काळा तीळ शोधत बसतो. हा दुर्मीळ प्रकार बऱ्याचदा काळा नसतोच! त्वचेच्याच रंगाचा, कडक, जुन्या व्रणासारखा दिसतो. बहुतेकदा चेहरा, डोकं, मान अशा उन्हातल्या जागी, आणि जास्त करून वयस्कर पुरुषांत. आजोबांच्या मानेवर असं काही दिसलं तर विचारा, "इथे कधी लागलं होतं का?" लागलं नसेल आणि ते वाढत असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या.

बायोप्सी खोल हवी. वरवरच्या तुकड्यात नुसता व्रणच दिसू शकतो. त्यात एचएमबी-४५ हा नेहमीचा मार्कर इथे बऱ्याचदा निगेटिव्ह येतो. (आम्हा कोडवाल्यांना माहितीये, टेस्ट पास म्हणजे बग नाही असं नसतं.) एस-१०० आणि सॉक्स-१० मात्र सहसा पॉझिटिव्ह येतात. तरी शंका उरली तर स्लाइड आणि ब्लॉक घेऊन परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घेता येतं.

ही धावपळ वाया जात नाही. २०१८ च्या एका अभ्यासात, आजार पुढे गेलेल्या ६० पैकी ४२ पेशंटना इम्युनोथेरपी लागू पडली होती.