कोथरूडचा फ्लॅट आणि पेंटॅगॉनचा फॉर्म
(लेखांक ५)

गेल्या आठवड्यात एसएफ-८६ या लांबलचक फॉर्मची तोंडओळख झाली. अमेरिकी सरकारचं गोपनीय काम करायला सिक्युरिटी क्लिअरन्स लागतं, आणि त्यासाठी हा फॉर्म. भारतात जन्मलेल्या अमेरिकी नागरिकाचा हात अडखळतो तो १८, १९ आणि २० या विभागांशी. १८मध्ये नातेवाईक, सासूसासऱ्यांसकट. १९मध्ये गेल्या ७ वर्षांतले जवळचे परदेशी संबंध. २०मध्ये परदेशातला पैसा, मालमत्ता, धंदा आणि प्रवास.

आई पुण्यात राहते म्हणजे क्लिअरन्स गेलंच, अशी धास्ती अनेकांना असते. ती खरी नाही. जून २०१७पासून सगळ्या सरकारी खात्यांना १३ कसोट्यांची एकच नियमावली लागू आहे. त्यातली ‘बी’ कसोटी परदेशी प्रभावाची. तिला नात्याचं वावडं नाही. त्या नात्याच्या आधारे कुणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का, एवढंच ती पाहते. म्हणून देश महत्त्वाचा ठरतो. आई तेहरानला असणं आणि पुण्याला असणं यात फरक पडतोच. पण भारत मित्रदेश आहे म्हणून प्रश्न मिटला, असंही नाही. भाऊ किराणा दुकान चालवतो की सरकारच्या संरक्षण खात्यात आहे, हे विचारलं जातं. ‘आईवडिलांशी फारसं बोलणं नसतं’ हा बचाव सहसा टिकत नाही. रक्ताच्या माणसांविषयी माया असणारच, असं सुनावणी घेणारे न्यायाधीश धरूनच चालतात, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं.

पैशाचं मोजमाप तुलनेनं होतं. व्हर्जिनियात घर, निवृत्तीची बचत, मुलांच्या शाळा असं बस्तान बसलेलं असेल, तर कोथरूडचा फ्लॅट किरकोळ ठरू शकतो. जन्माची पुंजीच भारतात असेल, तर मात्र पटवून देणं जड जातं. खरी गोम आहे ती आपल्या घरगुती कारभारात. वडील ठेवीवर मुलाचं नाव दुसरं घालतात आणि सांगायचं विसरतात. आजोबांच्या जमिनीला वारसनोंद होते, सातबाऱ्यावर नाव चढतं, आणि न्यू जर्सीतल्या नातवाला त्याचा पत्ताही नसतो. फॉर्मच्या लेखी हे परदेशी हितसंबंधच. शिवाय परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ती अमेरिकी अर्थखात्याला वेगळी कळवावी लागते.

नातं किंवा फ्लॅट निभावतो. लपवालपवी निभावत नाही. मुद्दाम गाळलेली माहिती ‘बी’मधून उठून वैयक्तिक वर्तनाच्या ‘ई’ कसोटीत जाते, आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ट्रम्प यांचे जावई जॅरेड कुशनर यांच्या पहिल्या अर्जात परदेशी भेटीगाठी नव्हत्या. तो पुन्हा पुन्हा दुरुस्त झाला. फेब्रुवारी २०१८मध्ये त्यांचं तात्पुरतं ‘टॉप सीक्रेट’ क्लिअरन्स ‘सीक्रेट’वर उतरवलं गेलं, मे महिन्यात कायमचं मिळालं. सासरे राष्ट्राध्यक्ष नसलेल्यांनी इतक्या सवलतीवर विसंबू नये.

शंका उरली तर ती अर्जदाराच्या विरोधात जाते, हा नियमच आहे. संरक्षण खात्याच्या कंत्राटदाराकडे नोकरी असेल, तर आक्षेपांच्या नोटिशीला उत्तर द्यायला २० दिवस मिळतात. तेवढ्यात गावाकडून कागद येत नाहीत. म्हणून फॉर्म भरण्याआधीच घरी फोन करून ठेवी विचारा आणि महाभूलेखवर सातबारा पाहा. पुढच्या लेखांकात कर्ज आणि थकबाकीची ‘एफ’ कसोटी.