नाचणीला हमीभाव आहे, पण घेणार कोण?



खरीप 2025-26 चा हमीभाव बघा. साधं भात 2369 रुपये क्विंटल, नाचणी 4886 रुपये. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि त्या एका वर्षात नाचणीचे 596 रुपये वाढले. तरी आपल्या वरकस जमिनी ओस पडत चालल्यात. कारण भात केंद्रावर घालता येतं. नाचणी मात्र आपल्यातले बहुतेक जण दुकानदाराला देतात नाहीतर मुंबईच्या पाहुण्यांना. घेणारा नसेल तर हमीभाव कागदावरच राहतो.

धान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकार. ते जे हमखास घेतं, ते शेतात वाढतं. पंजाबात भात असंच वाढलं आणि आता तिथल्या बोअरवेलचं पाणी खोल खोल चाललंय. हीच ताकद चांगल्या पिकामागेही लावता येते. ओडिशाने 2017 मध्ये भरडधान्य अभियान सुरू केलं. तिथे सरकार आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी हमीभावाने घेतं आणि तीच रेशनवर देतं, काही जिल्ह्यांत अंगणवाडीच्या मुलांना तिचे लाडू मिळतात. ब्राझीलमध्ये 2009 च्या कायद्याने शाळेच्या जेवणासाठीच्या केंद्राच्या पैशातला किमान 30 टक्के भाग लहान शेतकऱ्यांच्या मालावर खर्च करायचा असं ठरलं. आपल्याकडेही 2024 च्या शालेय पोषण आहाराच्या पाककृतींत नाचणी सत्त्व आलं होतं. पाककृती आली, पण ती नाचणी जवळच्याच शेतकऱ्याकडून घ्यावी अशी सक्ती हवी होती, असं माझं मत.

नाचणीच का? ती उतारावर येते, खत कमी मागते, तिला पाणी साचवून ठेवावं लागत नाही. भाताच्या साचलेल्या पाण्यातून मिथेन वायू निघतो, तो इथे नाही.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. केंद्रावर ओलावा आणि काडीकचरा बघतात, पीक कसं घेतलं ते कोणी विचारत नाही. त्यामुळे उद्या भाव मिळतोय म्हणून डोंगरावरची झाडं तोडून नवी वरकस काढली, तर दोन पावसाळ्यांत माती खाडीत जाईल. आहे तीच पडीक वरकस आधी लावा, उताराला आडवे बांध घालून.

आता आपलं काम. ई-पीक पाहणीत वरकसवरची नाचणी नाचणी म्हणूनच नोंदवा. बरेच जण फक्त भाताची नोंद करतात आणि वरचा तुकडा पड दिसतो. सातबाऱ्यावर पीक नाही म्हणजे सरकारच्या लेखी तिथे नाचणी पिकतच नाही, मग केंद्र कशाच्या जोरावर मागायचं? नोंदणीची मुदत साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते, तारीख जाहीर झाली की इथेच कळवू. रेंज नसेल तर फोटो शेतातच काढा, अपलोड नंतर गावात येऊन करा.

नाचणी लावणाऱ्यांनी गाव, किती गुंठे आणि घरखर्च सोडून विकायला किती क्विंटल, एवढं या नंबरवर पाठवा. व्हॉइस मेसेज चालेल. सगळ्यांचा आकडा जोडून कंपनी जिल्हा पणन अधिकाऱ्यांकडे खरेदी केंद्राची मागणी करणार आहे.